बहात्तर तास स्थिरावलेली फोड

बटाट्याची फोड कुरकुरीत झाली आहे की नाही, हे अधिकृतपणे ठरवण्याचे काम घरगुती उपकरणे परीक्षण कार्यालयाच्या कक्ष क्रमांक चारकडे आले, तेव्हा त्या कक्षात एक टेबल, दोन खुर्च्या, तीन तापमापके आणि एक कनिष्ठ परीक्षिका एवढा सरंजाम होता. तापमापकांपैकी दोन बंद होती. परीक्षिका चालू होती, पण तिची मुदत महिन्याभरात संपत होती.

परिवीक्षेचा नियम साधा होता. वर्षभरात निदान एक अहवाल समितीने एकमताने स्वीकारला, तर परीक्षिका कायम. नाहीतर तिला नारळ. अकरा महिन्यांत तिच्या हातून एकही अहवाल झाला नव्हता. पहिले चार महिने टेबल येण्यात गेले, पुढचे तीन त्या टेबलाचे परीक्षण होण्यात, आणि उरलेले महिने तापमापके दुरुस्तीला पाठवून ती तशीच परत येण्यात. याआधी दोन प्रयोगशाळांनी तिला असेच ऐन अकराव्या महिन्यात निरोप दिले होते. आता ती अडतीस वर्षांची होती, आणि अडतिसाव्या वर्षानंतर नव्या नेमणुकीचे अर्ज कोणतेच खाते हातात घेत नसे. थोडक्यात, समोर आलेले खोके हे तिचे शेवटचे खोके होते.

खोक्यात एक एअर फ्रायर होता. वर मोठ्या अक्षरांत छापले होते: 'अठरा मिनिटांत कुरकुरीत पोटॅटो वेजेस, सोबत दाट क्रीमी डिप!' कारखानदाराचा हा दावा खरा की खोटा, एवढेच तिने तपासायचे होते. कार्यालयाने पत्रव्यवहाराच्या सोयीसाठी वेजेसना 'फोडी' म्हटले आणि डिपला 'दाट पूरक द्रव'.

पहिली अडचण द्रवाचीच आली. यंत्र चालू करून अठरा मिनिटे वाट पाहिली, तरी त्यातून कोणताही द्रव बाहेर पडला नाही.

"दावा अर्धा खोटा," साहेब समाधानाने म्हणाले. साहेब समितीचे अध्यक्ष होते. त्यांना अर्धा निकाल हाती आला की पूर्ण जेवल्यासारखे वाटे.

"साहेब, डिपची कृती पुस्तिकेत दिली आहे. पान नऊ. ते आपण करायचं असतं."

"ग्राहकानं करायचं? मग यंत्रानं काय केलं?"

"यंत्रानं सुचवलं."

साहेबांनी चष्मा वर ढकलला. "मग तसं लिहा. द्रव सूचनात्मक आहे."

द्रव मार्गी लागल्यावर ती फोडींकडे वळली. बटाटे तिने घरून आणले. भांडार विभागाकडे मागणी केली असती तर ते मंजूर होऊन येईपर्यंत त्यांना कोंब फुटले असते. एकेका बटाट्याच्या सालीसकट लांब आठ फोडी केल्या. अर्धा तास गार पाण्यात ठेवल्या, म्हणजे वरचा मोकळा स्टार्च निघून जातो. मग एकेक फोड कोरड्या फडक्याने नीट पुसली; पृष्ठभाग ओला राहिला तर सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते, आणि वरचा थर कडक होण्याआधीच आतला गर फुटतो. एक चमचा तेल, मीठ, मिरपूड, लसणाची पूड, थोडे तिखट. दोनशे अंश. फोडी एकावर एक रचल्या नाहीत, कारण प्रत्येकीला चारी बाजूंनी वारा लागला पाहिजे. नवव्या मिनिटाला टोपली एकदा हलवली. तोवर घट्ट दह्यात फेटलेली साय घातली, ठेचलेला लसूण, लिंबाचे चार थेंब, बारीक चिरलेली कांद्याची पात. चमचा उभा राहील इतके डिप दाट झाले.

अठराव्या मिनिटाला यंत्राने घंटी दिली आणि दारात मामा उभे राहिले. मामा म्हणजे मजल्यावरचे शिपाई. निवृत्तीला दोन वर्षे उरली होती आणि नाक अजून शाबूत होते.

"बाई, काही जळतंय का?"

"नाही मामा. परीक्षण चाललंय."

"इतका चांगला वास येणारं परीक्षण या इमारतीत पहिल्यांदाच होतंय." मामांनी एक फोड उचलली, डिपमध्ये बुडवली आणि चावली. कुर्रम असा स्वच्छ आवाज झाला. पलीकडच्या कक्षात पेंगणाऱ्या कारकुनाने डोळे उघडले.

"बाई, हे कुरकुरीत आहे हो."

"मामा, तुम्हाला मत देण्याचा अधिकार नाही."

"मत कुठं दिलं? चावलं फक्त." त्यांनी दुसरी उचलली. "आता पुन्हा चावतो. तुम्ही कान बंद करा."

तिला हसू आले. अकरा महिन्यांत प्रथमच तिला वाटले, होईल. दावा खरा होता आणि मोजता येत होता. दावा खरा असूनही एखाद्या कार्यालयात तो तसाच नोंदवला जाण्यात काही अडचण येऊ शकते, हे अजून तिच्या ध्यानीमनीही नव्हते.

अडचणीचे नाव होते नियम चौदा. त्यानुसार कोणताही नमुना तयार झाल्यावर हवाबंद पिशवीत ठेवून त्याचे बहात्तर तास 'स्थिरीकरण' करावे लागे, आणि मगच तो समितीपुढे जाई. हा नियम मुळात मिक्सरच्या झाकणातल्या रबरी कड्यांसाठी झाला होता. ताज्या कड्या तापलेल्या असत आणि त्यांचे माप चुके. पुढे नियमातला 'कडी' हा शब्द खोडून 'नमुना' हा शब्द टाकण्यात आला, म्हणजे नियम सर्वसमावेशक झाला.

तिने गरम फोडी पिशवीत घालून पिशवी बंद केली. आतल्या गरातली वाफ बाहेर यायला धडपडत होती, आणि बाहेर यायला तिला सालीचाच रस्ता होता. पिशवीच्या आत थेंब जमले. पुढचे तीन दिवस काय होणार हे तिला सूत्रासकट माहीत होते. तिने पिशवीला क्रमांक चिकटवला.

बहात्तर तासांनी समिती बसली. अध्यक्षस्थानी साहेब. उजवीकडे काटाताई, म्हणजे वजनमाप विभागाच्या प्रमुख. त्या माणसालाही आधी मनातल्या मनात तोलून मग नमस्कार करत. डावीकडे ध्वनिमापन विभागाचे गृहस्थ, ज्यांना सगळी इमारत डेसिबल म्हणे. आयुष्यभर वॉशिंग मशीनचे आवाज मोजल्यामुळे ते स्वतः फार हळू बोलत.

पिशवी उघडली. काटाताईंनी चिमट्याने एक फोड उचलली. ती चिमट्याच्या दोन्ही बाजूंनी खाली लोंबली.

"वजन बरोबर आहे," काटाताई म्हणाल्या.

डेसिबलनी फोडीजवळ मापक धरला आणि ती मोडली. मोडली असे म्हणायचे. खरे तर ती त्यांच्या बोटांत विचार करत करत वेगळी झाली. "शून्य," ते पुटपुटले.

सोबत ठेवलेल्या डिपवर पाणी सुटले होते. साहेबांनी त्यात चमचा उभा करून पाहिला. चमचा आडवा झाला. "द्रव मात्र द्रव आहे," त्यांनी नोंद केली.

"साहेब," ती म्हणाली, "नियम चौदा फोडींना लावून चालणार नाही. आतला ओलावा तीन दिवसांत सालीत उतरतो. कोणतीही कुरकुरीत वस्तू अशी ठेवली तर मऊच पडणार. या गरम असतानाच तपासायला हव्यात. अठरा मिनिटं लागतात. मी आत्ता करून दाखवते."

खोलीत शांतता पसरली. डेसिबलनी सवयीने मापकाकडे पाहिले.

"गरम?" साहेब म्हणाले. "बाई, गरम फोडीला वास येतो. वास आला की तोंडाला पाणी सुटतं. तोंडाला पाणी सुटलेली समिती तटस्थ कशी राहील?"

"पण लोक त्या गरमच खाणार ना, साहेब?"

"लोक खातात. आपण परीक्षण करतो. दोन्हींत गल्लत करू नका."

फोडी मऊ होत्या, यावर तिघांचेही एकमत होते. म्हणजे दावा फेटाळून अहवाल तिथल्या तिथे पुरा झाला असता. तिच्या मनात क्षणभर तसे आलेही, आणि त्याची तिला लाजही वाटली. पण काटाताईंनी बोट वर केले. कुरकुरीत नाही असे म्हणायचे, तर कुरकुरीत कशाला म्हणतात हे आधी ठरलेले हवे. कार्यालयाकडे प्रमाण किलो होता, प्रमाण लिटर होता. प्रमाण फोड नव्हती.

"प्रमाण फोड तयार करा," साहेबांनी आदेश दिला. "उत्तमातली उत्तम. तिच्याशी तुलना करू."

तिने जीव ओतून प्रमाण फोड तयार केली. बटाटे एकाच वजनाचे निवडले. भिजवण्याचे पाणी दोनदा बदलले. टोपलीतून काढली तेव्हा ती फोड टेबलावर टाकली तर काचेच्या मण्यासारखी वाजत होती. मामा लांबूनच हात जोडून म्हणाले, "बाई, ही मी खात नाही. हिच्यापुढं मला उभं राहावंसं वाटतं."

प्रमाण फोडही अर्थात नमुनाच होती. ती पिशवीत गेली.

दुसऱ्या बैठकीत दोन्ही फोडी शेजारी शेजारी ठेवण्यात आल्या. दोन्ही सारख्याच लोंबत होत्या. काटाताईंनी दोघींची वक्रता मोजली. डेसिबलनी दोघी मोडल्या. शून्य आणि शून्य.

"फरक?" साहेबांनी विचारले.

"काहीच नाही."

"म्हणजे परीक्षणासाठी आलेली फोड ही उत्तमातल्या उत्तम फोडीशी तंतोतंत जुळते." साहेबांचा चेहरा उजळला. "म्हणजे ती कुरकुरीत आहे!"

तर्कात कुठेही खोट नव्हती. खोट फक्त फोडीत होती.

"मात्र," डेसिबल हलक्या आवाजात म्हणाले, आणि सगळे पुढे झुकले, "प्रमाण फोडीचा आवाज शून्य असेल, तर कुरकुरीतपणाची मर्यादा लिहावी लागेल. साधनातली चूक धरून पाच डेसिबलपर्यंत. त्यापुढं आवाज आला तर ती फोड प्रमाणाला सोडून."

"म्हणजे सदोष," काटाताई म्हणाल्या.

"आवाजी," साहेबांनी शब्द सुचवला आणि तो टिपून घेतला. "अहवाल लिहा बाई. परवा सह्या. तुमची मुदतही परवाच संपते ना? बघा, कसं जुळून आलं!"

त्या संध्याकाळी ती जेवताना गप्प होती. आई गप्प बसलेल्या माणसाला वाढत राहते, त्यामुळे तिच्या ताटात भाताचा ढीग झाला.

"काय झालं ते सांग. नाहीतर अजून वाढीन."

तिने सांगितले. आईने शांतपणे ऐकून घेतले.

"म्हणजे तू लिहायचं की जे मऊ ते कुरकुरीत."

"हो."

"आणि जे कुरकुरीत ते खराब."

"हो."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर परवापासून मी घरी."

आईने स्वतःच्या ताटाकडे पाहिले. "मी तुला इतकं शिकवलं ते मोजायला यावं म्हणून," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "आणि नोकरी मिळावी म्हणून. दोन्हींपैकी एकच मिळेल असं तेव्हा कुणी बोललं नव्हतं." तिने उठून ताटे उचलली. "मी काही सांगणार नाही. सांगितलं तर उद्या माझं नाव घेशील."

दुसऱ्या दिवशी परीक्षिकेने असहमतीचे टिपण लिहिले. दीड पान, तीन आलेख. ते घेऊन ती साहेबांकडे गेली. साहेबांनी ते वाचले नाही, पण अदबीने हातात धरले.

"सुरेख अक्षर. जोडू या की अहवालाला. फक्त टिपण म्हणजे कागदी नमुना झाला. त्याला नियम चौदा लागतो. बहात्तर तास पिशवीत राहील, मग समितीपुढं येईल."

"पण माझी मुदत उद्या संपते."

"अरेरे," साहेब मनापासून म्हणाले. "मग ते टिपण स्थिरावेल तेव्हा तुम्ही इथं नसाल."

तिने एक शेवटचा उपाय केला. सह्यांच्या दिवशी बैठकीच्या बरोबर अठरा मिनिटे आधी यंत्र चालू केले, आणि समिती खुर्च्यांवर बसता बसता गरमागरम फोडींची मोठी थाळी आणि डिपचे भांडे टेबलाच्या मधोमध ठेवले. एक शब्दही बोलली नाही. शास्त्र शिकलेल्या माणसाचा असा एक भाबडा समज असतो, की वस्तू समोर ठेवली की पुरे.

साहेबांनी एक उचलली. काटाताईंनी दोन उचलल्या, कारण पहिली हलकी वाटली. पुढची दहा मिनिटे कक्ष क्रमांक चारमध्ये पाचोळ्यावरून वरात चालल्यासारखा आवाज होत होता.

"अप्रतिम!" साहेब म्हणाले. "आतून कसं लोण्यासारखं."

"आणि वरून काय कुरकुरीत!" काटाताई म्हणाल्या.

डेसिबल बोटाने डिपचे भांडे पुसत होते.

"मग?" तिने विचारले.

"मग काय?" साहेबांनी रुमालाने हात पुसले आणि पेनाचे टोपण काढले. "आणा अहवाल. बाई, हे खाण्यासाठी आणि ते परीक्षणासाठी. हे ज्याला कळलं तो खात्यात टिकतो. चला, आमच्या तीन सह्या झाल्या. एकमताला तुमची चौथी लागते."

कागदावर तेलाचे ठसे उमटले होते. त्यांच्याखाली तिने सही केली. सही नेहमीपेक्षा लहान आली, पण आली. संध्याकाळी कायमपणाचे पत्र तिच्या टेबलावर होते.

यंत्राला शिक्का मिळाला. पंधरा दिवसांनी कारखानदार तिला भेटायला आला. शर्टाच्या खिशात स्क्रूड्रायव्हर आणि चेहऱ्यावर अवघडलेपण.

"बाई, शिक्क्याबद्दल आभार. पण एक भानगड झालीये. दुकानात तुमच्या कार्यालयाचं पथक आलं होतं. यंत्र चालवून फोड मोजली, पंचेचाळीस डेसिबल. आवाजी म्हणाले. विक्री थांबवलीये."

"त्यांनी गरम मोजली?"

"हो. शिक्का देताना थंड मोजतात आणि दोष काढताना गरम, असं कळलं." त्याने दीर्घ श्वास घेतला. "आता मला फोडी मऊ करून द्या. पंधरा वर्षं झटलो त्या कडक व्हाव्यात म्हणून. मऊ कशा करतात ते मला येत नाही."

तिने कागद ओढला. तिला ते येत होते. अठराव्या मिनिटाला पंखा बंद करायचा, टोपली झाकून ठेवायची, तळाशी चमचाभर पाणी, पुढे बावीस मिनिटे. आतली वाफ सालीत मुरते. तिने ओलाव्याचा आलेख काढून दिला. तिच्या आजवरच्या कामातला तो सर्वांत अचूक आलेख होता. कारखानदाराने तो घडी घालून खिशात ठेवला आणि जिना उतरताना कठड्याला धरून थोडा वेळ उभा राहिला.

नव्या यंत्रावर 'प्रमाणित कुरकुरीत' असे हिरवे बटण आले. फोडींना आता चाळीस मिनिटे लागत. खोक्यावर मात्र 'अठरा मिनिटांत' हेच राहिले, कारण तो मजकूर प्रमाणित होता.

लोक सुरुवातीला जरा बिचकले. पाहुणा लोंबती फोड हातात घेई, यजमानाकडे पाही, मग यंत्रावरच्या शिक्क्याकडे पाही आणि म्हणे, "वा, काय कुरकुरीत झाल्यात!" हळूहळू शिक्क्याकडे पाहायचीही गरज राहिली नाही. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत 'शांत कुरकुरीतपणा' या विषयावर लेख आले. आवाज करणारे खाणे हे अर्धकच्च्या संस्कारांचे लक्षण आहे, असे एका आहारतज्ज्ञाने सांगितले. मोठ्या हॉटेलांनी मऊ फोडींना 'परिपक्व' म्हणून वेगळे पान दिले. एका लहान हॉटेलवाल्याने चुकून जुन्या पद्धतीच्या फोडी दिल्या, तर गिऱ्हाइकाने व्यवस्थापकाला बोलावून विचारले, "हे कसलं कडक काहीतरी दिलंत? दाताला लागतंय."

घरांत मात्र जुनी यंत्रे होती. संध्याकाळी सातच्या सुमाराला वस्त्यावस्त्यांतून खिडक्या लागल्याचे आवाज येत, आणि बंद काचांमागून, फार लक्ष देऊन ऐकले तर, कुर्रम कुर्रम ऐकू येई. प्रत्येक घराला वाटे की आपला आवाज बाहेर जात नाही आणि शेजारच्यांचा मात्र येतो. तेव्हा तक्रारी सुरू झाल्या. मग तक्रारींसाठी कक्ष आला. मग कक्षाला नियम आला: तक्रार मिळाल्या दिवशीच घरी जावे, फोड गरम असताना मोजावी, पाचाच्या वर आकडा निघाल्यास यंत्र जप्त करावे, आणि घर खात्यातल्या कर्मचाऱ्याचे असल्यास त्याची नेमणूक रद्द करावी, कारण उदाहरण घरापासून घालून दिले पाहिजे. या विषयातला एकमेव अहवाल तिच्या नावावर असल्याने कक्षाची प्रमुख अर्थात तीच झाली.

पत्रे रोज येत. बहुतेकांची सुरुवात सारखी असे: 'मला स्वतःला वैयक्तिक काहीही म्हणायचे नाही.' शेवटही सारखाच असे: 'पण नियम सर्वांना सारखा हवा.' मधल्या भागात शेजाऱ्याचा पत्ता असे.

एका मंगळवारी आलेल्या पत्राच्या मधल्या भागात तिच्याच घराचा पत्ता होता.

'सदर घरातून रोज सायंकाळी कुरकुर असा आवाज येतो,' पत्रात म्हटले होते. 'घरातील मुलगी संबंधित खात्यातच असल्याचे समजते. त्यामुळे विशेष खेद वाटतो. मला स्वतःला वैयक्तिक काहीही म्हणायचे नाही.' खाली नाव आणि सही.

तिने पत्र दोनदा वाचले. ते बाजूला सारणे सोपे होते. कक्षात तिच्याशिवाय कुणी नव्हते. तिने पत्राची नोंद केली, डेसिबलकडून मापक घेतला आणि घरी गेली.

"बरी लवकर आलीस," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "हात धू. आत्ताच काढल्यात. लसूण जरा जास्त घातलाय आज डिपात."

तिने मापक टेबलावर ठेवला.

"हे काय आणलंस?"

"आवाज मोजायचाय."

"कुणाचा?"

"तुझा."

"माझा आवाज सगळ्या जिन्याला माहीत आहे. त्याला यंत्र कशाला?" पण मुलीचा चेहरा पाहून आई हात पुसत बाहेर आली. "तक्रार आली?"

"हो."

"कुणाची?"

"सांगता येत नाही."

"आणि आकडा जास्त निघाला तर?"

"यंत्र जाईल. आणि मी."

आई खुर्चीवर बसली. "मग मी खात नाही. भूक नाही मला. लिही तसं." ती खिडकीबाहेर पाहत राहिली. "नाहीतर चोखून खाते. दात न लावता. तेवढं येतं मला."

मुलीने थाळी तिच्यापुढे सरकवली. "आई, चाव."

"वेडी आहेस का?"

"एकदा खोटं मोजलं. सही लहान आली होती. चाव तू नेहमीसारखी."

आईने मोठी, कडेने तांबूस झालेली फोड निवडली, डिपमध्ये अर्धी बुडवली आणि चावली. मापकाचा काटा उडाला. सेहेचाळीस. तिने रकान्यात सेहेचाळीस लिहिले, दशांशासकट, वेळ घातली आणि खाली सही केली. ही सही चांगली मोठी आली, रकान्याबाहेर गेली. मग तिने स्वतःसाठी एक फोड उचलली, आणि थाळी संपेपर्यंत दोघींनी खिडकी उघडीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी यंत्र जप्त झाले आणि तिची नेमणूक रद्द झाली. साहेबांनी स्वतः निरोप दिला. जाता जाता "त्या डिपची कृती तेवढी लिहून ठेवाल का?" असेही विचारले.

तक्रारीवर काय कार्यवाही झाली हे तक्रारदाराला कळवण्याची कार्यालयाची पद्धत आहे, म्हणून हे सगळे सविस्तर कळवले. तुमचे नाव नियमानुसार गुप्त ठेवले आहे. निर्धास्त असा, तिने ते आईलाही सांगितलेले नाही.